कार्लाइलची पोरं

शनिवार, २६ ऑक्टोबर १९१२. कार्लाइलच्या फुटबॉल संघानं वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाला ३४-२० असं हरवलं. सोमवारी, २८ तारखेला, हाच संघ कॅनडात टोरांटोच्या मैदानावर उभा होता आणि तिथल्या संघाला त्यानं ४९-१ अशी धूळ चारली. मध्ये फक्त एक रविवार, आणि दोन शहरांमधलं अंतर साडेपाचशे किलोमीटरांच्या वर. अमेरिकन फुटबॉल हा हाडं खिळखिळी करणारा खेळ. त्यातले आजचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण आठवड्यातून एकदाच मैदानात उतरतात. ही तर एका निवासी शाळेतली विशी-पंचविशीतली पोरं होती.

तेव्हा अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होई आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत रंगे. शनिवार हा त्याचा ठरलेला वार. कार्लाइलला मात्र वाराचं बंधन नव्हतं. त्या वर्षी २१ सप्टेंबरला ऑलब्राइट, २५ ला लेबनन व्हॅली, २८ ला डिकिन्सन आणि २ ऑक्टोबरला व्हिलानोव्हा, असे बारा दिवसांत चार सामने झाले. चारही जिंकले; शेवटचा तर ६५-० असा. हंगाम संपला तेव्हा १४ सामन्यांत १२ विजय, १ बरोबरी आणि १ हार असा हिशेब होता. केलेले गुण ५०४, दिलेले ११४.

एवढी धावपळ कशासाठी? कारण शाळेचं स्वतःचं मैदान लहान होतं. हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, सिराक्यूज यांच्या मैदानांवर हजारो लोक तिकीट काढून येत आणि तिकिटाच्या पैशातला वाटा पाहुण्या संघालाही मिळे. ‘इंडियन्स’ येणार म्हटलं की गर्दी हमखास. त्यामुळं कार्लाइलचे जवळजवळ सगळे मोठे सामने परगावी, परक्या प्रेक्षकांपुढं होत. घरच्या लोकांनी आरडाओरडा करून बळ द्यावं, ही चैन या मुलांच्या वाट्याला फारशी आलीच नाही. खरं तर ज्या आवारात ती राहत, ते तरी त्यांचं घर कुठं होतं?

कार्लाइल हे पेनसिल्व्हेनियातलं एक लहानसं गाव. तिथं लष्कराच्या जुन्या बराकी होत्या. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये त्या बराकींत मूळ अमेरिकन मुलांसाठी निवासी शाळा काढली. आपल्याकडं ज्यांना वर्षानुवर्षं ‘रेड इंडियन’ म्हटलं गेलं, त्या लोकांची ही मुलं. पहिली तुकडी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डकोटाच्या मुलखातून आली. प्रॅटचं धोरण उघड होतं: मुलाच्या आतला ‘इंडियन’ नाहीसा करायचा आणि माणूस तेवढा राखायचा. आल्याबरोबर मुलांचे लांब केस कापले जात. लाकोटांसारख्या काही जमातींत केस कापतात ते घरात कुणी गेल्यावर, त्यामुळं त्या लहानग्यांना पहिल्या दिवशी काय वाटलं असेल, ते सांगायला नको. अंगावरचे कपडे जात, गणवेश येई. नाव जाई, इंग्रजी नाव येई. आपल्या भाषेत बोललं तर शिक्षा होई.

या शाळेतल्या टॉम टॉर्लिनो नावाच्या नवाहो मुलाची दोन छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. एक १८८२ मधलं, तो शाळेत आला तेव्हाचं: खांद्यांवर रुळणारे केस, कानांत डूल, गळ्यात माळा. दुसरं तीन वर्षांनंतरचं: कोट, कॉलर, बारीक कापलेले केस, नीट पाडलेला भांग. शाळा ही छायाचित्रं जाहिरातीसारखी वापरत असे. दुसऱ्या चित्रात त्याची कातडीही उजळ दिसते. तो उजेड प्रकाशयोजनेचा, पण बघणाऱ्यानं त्यावरून सुधारणेचा अर्थ काढावा अशी सोय होती. मी ही दोन चित्रं शेजारी ठेवून पुष्कळ वेळ पाहिली. दोन्हींत न बदललेलं एकच आहे, ते डोळे.

फुटबॉल या शाळेत आला तो काहीसा आडवाटेनं. एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅटनं बाहेरच्या संघांशी खेळायला बंदी घातली होती. मुलांनी जाऊन गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा त्यानं दोन अटी घातल्या. समोरच्यानं कितीही डिवचलं तरी ठोसा मारायचा नाही, ही एक. आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवायचं, ही दुसरी. आपली शाळा किती ‘सुधारलेली’ आहे, याचा पुरावा त्याला लोकांपुढं मांडायचा होता. मुलांना खेळायला मिळालं. दोघांची कारणं वेगळी होती, आणि या संघाची सगळी गोष्ट त्या फरकातच आहे असं मला वाटतं.

१८९९ मध्ये ग्लेन वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आला. ‘पॉप’ वॉर्नर म्हणून तो पुढं नावाजला. मध्ये तीन वर्षं तो दुसरीकडं गेला आणि १९०७ मध्ये परतला. त्याच्या हाती जी मुलं होती ती चपळ, काटक, पण मोठ्या विद्यापीठांतल्या गड्यांच्या तुलनेत वजनानं हलकी. आणि तेव्हाचा फुटबॉल हा वजनाचाच खेळ होता.

इथं खेळ थोडा समजून घ्यायला हवा. कबड्डीत एक चढाई संपते, सगळे आपापल्या अंगणात येतात आणि मग पुढची चढाई सुरू होते. अमेरिकन फुटबॉलही असाच चढाया-चढायांनी चालतो. एका चढाईला ‘डाउन’ म्हणतात. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो ज्या संघाकडं असेल त्यानं ठरावीक डाउनमध्ये ठरावीक अंतर पुढं सरकायचं. ते जमलं तर नवे डाउन मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडं जातो. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडं पोचलं की ‘टचडाउन’. जुन्या नियमांनुसार तीन डाउनमध्ये पाच यार्ड सरकलं की भागत असे आणि चेंडू पुढं फेकायला बंदी होती. तेव्हा करायचं काय? सगळ्या धिप्पाड गड्यांनी एकमेकांना खेटून पाचर करायची आणि समोरच्या फळीतल्या एका जागी घुसायचं. चेंगराचेंगरी, त्यावर ढीग, आणि त्या ढिगाखाली कुणाची मान, कुणाच्या बरगड्या. १९०५ च्या हंगामात कितीतरी मुलं जिवानिशी गेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. १९०६ पासून पाचऐवजी दहा यार्डांची अट आली, आणि चेंडू पुढं फेकायची, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’ची, मुभा मिळाली.

मोठ्या विद्यापीठांनी या मुभेकडं जरा नाक मुरडूनच पाहिलं. त्यांना अंगबळावर भागत होतं, आणि पास चुकला तर दंडही जबर होता. कार्लाइलनं मात्र ती दोन्ही हातांनी उचलली. १९०७ मध्ये फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध पीट हाउजरनं चेंडूला फिरकी देत लांबवर पास टाकले आणि कार्लाइलनं २६-६ अशी बाजी मारली. चेंडू हवेतून जाऊन आपल्या गड्याच्या हाती अलगद पडतो, ही गोष्ट तेव्हा प्रेक्षकांना नवी होती. आज टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लावला तर दर दुसऱ्या चढाईत हेच दिसतं.

त्याआधी १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी केलेली करामतही सांगायलाच हवी. वॉर्नरनं शिंप्याकडून चार्ली डिलन या खेळाडूच्या जर्सीत इलास्टिक शिवून घेतलं होतं. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला हार्वर्डनं मारलेला चेंडू कार्लाइलनं झेलला, सगळी पोरं क्षणभर घोळका करून उभी राहिली, आणि त्या घोळक्यात चेंडू डिलनच्या पाठीवर जर्सीखाली सरकवला गेला. घोळका पांगला. प्रत्येक जण पोटाशी काहीतरी धरल्यासारखा पळत सुटला. हार्वर्डचे गडी एकेकाला पाडत राहिले आणि डिलन दोन्ही हात मोकळे हलवत मैदानाच्या टोकाला पोचला. टचडाउन मान्य झाला. नियमांत त्याविरुद्ध काही नव्हतं. सामना हार्वर्डनं १२-११ असा एका गुणानं जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो डिलन.

१९१२ साल उजाडलं तेव्हा नियम पुन्हा बदलले, आणि यातला जवळजवळ प्रत्येक बदल कार्लाइलच्या पथ्यावर पडणारा होता. दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार डाउन मिळाले. टचडाउनचे पाचाचे सहा गुण झाले. मैदान ११० यार्डांवरून १०० वर आलं आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा आखला गेला, त्या पट्ट्यात झेललेला पासही टचडाउन धरला जाऊ लागला. पास वीस यार्डांच्या आतच पडला पाहिजे, ही अटही गेली. आजचा अमेरिकन फुटबॉल ज्या सांगाड्यावर उभा आहे, तो हाच. त्या सांगाड्यात कसं खेळायचं हे ज्यांना आधीपासून ठाऊक होतं, ती कार्लाइलची पोरं होती. वॉर्नरनं त्यांच्यासाठी ‘सिंगल विंग’ नावाची रचना घडवली होती. तिच्यात चेंडू थेट मागच्या धावपटूच्या हाती येई, आणि तो पळणार, फेकणार की लाथ मारणार, हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत उमगत नसे. अशा रचनेला तिन्ही गोष्टी लीलया करणारा एक माणूस लागतो.

तो माणूस होता जिम थोर्प. ओक्लाहोमातल्या सॅक अँड फॉक्स जमातीचा, डाव्या बाजूचा ‘हाफबॅक’, म्हणजे मागचा धावपटू. १९११ मध्ये दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून त्यानं हार्वर्डविरुद्ध चार ‘फील्ड गोल’ मारले, म्हणजे चेंडू लाथेनं गोलखांबांमधून धाडला, आणि कार्लाइल १८-१५ असं जिंकलं. त्या वर्षीच्या संघाच्या छायाचित्रात एक चेंडू आहे, त्यावर हाच निकाल रंगवलेला दिसतो. १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये थोर्पनं पेंटाथलॉन आणि डिकॅथलॉन या दोन्हींची सुवर्णपदकं जिंकली. डिकॅथलॉनमध्ये ८,४१२ गुण केले. न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली. जगातला सर्वांत मोठा खेळाडू म्हणून त्याचं नाव सगळीकडं झालं, आणि सप्टेंबरमध्ये तो पुन्हा बराकीतल्या शाळेत येऊन ऑलब्राइट कॉलेजविरुद्ध खेळायला उभा राहिला.

तो एकटा नव्हता, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पुढच्या बहुतेक लेखनात तो एकटाच उरतो. क्वार्टरबॅक गस वेल्च हा विस्कॉन्सिनचा ओजिब्वे. जो ग्योन मिनेसोटाचा, तोही ओजिब्वे. पीट कॅलॅक कॅलिफोर्नियाचा लुइसेन्यो. अॅलेक्स अर्कासा वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कोलव्हिल जमातीचा. वेल्च आणि ग्योन सोडले तर यांच्या मातृभाषा एकमेकांना कळणाऱ्या नव्हत्या. ज्या इंग्रजीसाठी त्यांची स्वतःची भाषा तोडली गेली, त्याच इंग्रजीत ते एकमेकांना डावपेचांचे इशारे देत होते. त्या शाळेनं त्यांच्याकडून जे काढून घेतलं ते परत येण्यासारखं नव्हतं. पण मैदानावरच्या या अकरा जणांनी मिळून जे उभं केलं, ते शाळेच्या योजनेत कुठंही नव्हतं.

५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजनं त्यांना ०-० असं रोखलं. त्यानंतर सिराक्यूजवर ३३-०, पिट्सबर्गवर ४५-८, आणि मग ती वॉशिंग्टन-टोरांटोची धाव. टोरांटोच्या खात्यातला तो एकुलता एक गुण कॅनडाच्या नियमांनी मिळालेला. अमेरिकन नियमांत असा एक सुटा गुण मिळत नाही. लीहायला ३४-१४ असं हरवून झालं, आणि ९ नोव्हेंबरला संघ वेस्ट पॉइंटला पोचला.

हडसन नदीकाठी वसलेलं वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकी लष्कराचे अधिकारी घडवणारी अकादमी. मूळ अमेरिकन जमातींशी लढलेला कस्टर तिथलाच. त्या लढायांतले कितीतरी अधिकारी तिथलेच. वूंडेड नीला लष्करानं लाकोटा बायकामुलांसकट अडीचशेच्या वर माणसं मारली, त्याला तेव्हा बावीसच वर्षं झाली होती. सामन्याआधी वॉर्नरनं पोरांना हे सारं आठवून दिलं, असं वेल्चनं पुढं सांगितलं आहे. या सामन्याकडं सूडाची लढाई म्हणून पाहण्याचा मोह होतो, आणि अनेकांनी ती तशी रंगवलीही. मला त्यापेक्षा मैदानावर काय झालं ते जास्त मोलाचं वाटतं.

पहिला टचडाउन आर्मीनं, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या संघानं, केला. त्यानंतरची जादा गुणाची लाथ हुकली, त्यामुळं गुण सहाच राहिले. मग जो बर्गीनं टचडाउन करून उत्तर दिलं, लाथही बसली आणि मध्यंतराला कार्लाइल ७-६ असं एका गुणानं पुढं होतं. ठोसा मारल्याबद्दल कार्लाइलचा फुलबॅक पॉवेल याला पंचांनी बाहेर काढलं. प्रॅटची पहिली अट त्या दिवशी मोडली. आर्मीचा कर्णधार डेव्होर हा डोंगरासारखा माणूस. त्याला ग्योननं पहिल्या डावात वारंवार हटवलं होतं. दुसरा डाव सुरू होताच तो ग्योनच्या अंगावर धावून गेला आणि त्यालाही मैदान सोडावं लागलं. त्यानंतर सामना एकतर्फी झाला. अर्कासानं तीन टचडाउन केले. थोर्पनं वाट फोडायची, समोरचे दोघं-तिघं आपल्या अंगावर घ्यायचे आणि मोकळ्या जागेतून अर्कासानं घुसायचं. थोर्पनं स्वतः चेंडू घेऊन केलेला एक लांबलचक टचडाउन नियमभंगामुळं रद्द झाला. २७-६ असा निकाल लागला, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूच्या नावावर त्या दिवशी एकही टचडाउन नव्हता. तरीही तो सामना त्याचाच होता, हे पाहणाऱ्यांनी मान्य केलं.

आर्मीकडून ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट खेळत होता. थोर्पला दोघांनी एकदम गाठून गारद करायचं, असा त्याचा आणि एका सोबत्याचा बेत होता. एकदा त्यांनी थोर्पला खाली घेतलंही. दुसऱ्या वेळी थोर्प ऐन वेळी थबकला आणि हे दोघं एकमेकांवरच आदळले, असं सांगतात. हाच कॅडेट पुढं दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांचा सेनापती आणि १९५३ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. उतारवयातही एका भाषणात त्यानं थोर्पची आठवण काढली होती.

पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनियानं कार्लाइलला ३४-२६ असं हरवलं. अंग दुखावलेलं, मन आर्मीच्या विजयात अडकलेलं, शिवाय प्रवास. हंगामातली ही एकच हार. मग स्प्रिंगफील्डवर ३०-२४ असा अटीतटीचा विजय, आणि २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, प्रॉव्हिडन्समध्ये ब्राउन विद्यापीठावर ३२-०. थोर्पचा कार्लाइलकडून तो शेवटचा सामना.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्रानं छापलं की थोर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनात थोड्याशा पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता. कॉलेजची कितीतरी मुलं उन्हाळ्यात असं खेळत, पण खोटं नाव लावून. थोर्पनं स्वतःचं नाव लावलं होतं. आक्षेपाची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, तरी त्याची दोन्ही पदकं काढून घेतली गेली. तो १९५३ मध्ये गेला. पदकांच्या प्रतिकृती १९८३ मध्ये त्याच्या मुलांच्या हाती आल्या, त्याही त्याला सहविजेता ठरवून. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ साल यावं लागलं.

शाळेचा हिशेब त्याआधीच चव्हाट्यावर आला. गस वेल्चनं पुढाकार घेऊन अर्ज लिहिला, दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्या केल्या आणि १९१४ मध्ये संसदेच्या समितीनं चौकशी केली. फुटबॉलच्या पैशाचा वापर, मुलांना मिळणारी वागणूक, वॉर्नरची शिवीगाळ आणि मारहाण, सगळं साक्षींत आलं. ज्यानं या मुलांचा खेळ घडवला, त्याच्याविरुद्ध त्याच्याच क्वार्टरबॅकनं साक्ष दिली. आर्मीविरुद्ध जिंकण्यापेक्षा याला जास्त धैर्य लागलं असेल असं मला वाटतं. वेल्च पुढं वकील झाला आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजचा प्रशिक्षकही. थोर्प १९२० मध्ये त्या व्यावसायिक लीगचा पहिला अध्यक्ष झाला, जिला आज एनएफएल म्हणतात. थोर्प, ग्योन आणि कॅलॅक १९२२-२३ मध्ये ओहायोतल्या ओरँग इंडियन्स या संपूर्ण मूळ अमेरिकन संघातून पुन्हा एकत्र खेळले.

कार्लाइलची शाळा १९१८ मध्ये बंद झाली. पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी लष्कराला बराकी परत हव्या होत्या. एकोणचाळीस वर्षांत सुमारे ७,८०० मुलं तिथं येऊन गेली. क्षय आणि इतर आजारांनी जी तिथंच दगावली, त्यांतल्या दीडशेहून अधिक मुलांना शाळेच्या दफनभूमीत पुरलं गेलं. काही दगडांवर नाव चुकलेलं, काहींवर नावच नाही. २०१७ पासून त्यांच्या जमातींची माणसं येऊन अवशेष उकरून, आपल्या पद्धतीनं गुंडाळून, आपल्या मुलखात नेऊ लागली आहेत. त्याच आवारात आज लष्कराचं वॉर कॉलेज चालतं. थोर्प आणि वेल्च जिथं सराव करत, ते मैदानही अजून तिथंच आहे. त्याला ‘इंडियन फील्ड’ म्हणतात.